ग्वाल्हेरचे शून्य आणि आलेखातील अंकांची जागा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेवर खडकातच कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे, आणि त्यातील विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा शिलालेख गणितेतिहासात मोलाचा मानला जातो, कारण त्यात २७० आणि ५० या संख्या शून्यासह, स्थानमूल्य पद्धतीने, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरेल अशा रीतीने कोरल्या आहेत. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन फुलबागेसाठी द्यावी आणि देवाला रोज ५० माळा मिळाव्यात, असा त्यातील व्यवहार आहे. कंबोडियातील इ. स. ६८३ च्या लेखातले शून्य याहून जुने असल्याने ‘जगातील पहिले शून्य’ हे बिरुद मात्र टिकत नाही.

हेच अंक अक्षावर, म्हणजे मोजमापाच्या रेषेवर, ओळीने मांडून आलेख काढण्याची रीत विल्यम प्लेफेअरने १७८६ च्या आपल्या व्यापारविषयक नकाशासंग्रहात रूढ केली. त्याचे आलेख सुटे आणि ऐसपैस असल्याने अंकांची दाटी होण्याचे कारण नव्हते. ती अडचण खऱ्या अर्थाने जाणवते ती मेंदूच्या विद्युत्‌लहरींसारख्या नोंदी एकाखाली एक रचताना. अपस्माराच्या रुग्णांच्या अशाच नोंदी पाहण्याच्या गरजेतून जॉन हंटर या मज्जासंशोधकाने २००३ मध्ये पायथन भाषेसाठी ‘मॅटप्लॉटलिब’ हे आलेखसाधन पुढे आणले.

या साधनात काळाचा आडवा अक्ष सामायिक ठेवून एकाखाली एक रचलेल्या आलेखांच्या चौकटींमधले अंतर शून्य केले, की वरच्या चौकटीचा तळ आणि खालच्या चौकटीचा माथा ही एकच रेषा होते. अंक खुणेच्या मध्यावर बसत असल्याने प्रत्येकाचा अर्धा भाग शेजारच्या चौकटीत शिरतो, आणि, उदाहरणार्थ, वरचे ० व खालचे १०० एकमेकांवर चढून दोन्ही वाचता येईनासे होतात. खुणांच्या जागा ठरवणाऱ्या ‘मॅक्सएनलोकेटर’ या घटकाला ‘प्रून’ हा पर्याय दिला, तर टोकाची खूण गाळली जाते. अनेक जण तळाची खूण गाळतात आणि त्यात बहुधा शून्याचाच बळी जातो, जे अयोग्य आहे, कारण मोजणी कोठून सुरू झाली हे वाचकाला त्यावरूनच कळते. त्याऐवजी ‘अपर’ हा पर्याय निवडून खालच्या चौकटीचे कमाल मूल्य गाळावे, आणि तेही आवश्यक असेल, तर चौकटींमध्ये बोटभर फट ठेवण्यात कमीपणा मानू नये.