डोंगरावर माणसं किती न्यायची?

‘जॉनी मेरा नाम’ हा १९७० सालचा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात बिहारमधल्या राजगीरचा रज्जुमार्ग दिसतो. डोक्यावरून सरकणारा पोलादी दोर, दोराला टांगलेल्या खुर्च्या आणि एका खुर्चीत एकच माणूस, पाय अधांतरी. तिथल्या रत्नागिरी टेकडीवर (ही आपली कोकणातली रत्नागिरी नव्हे) १९६९ साली विश्वशांती स्तूप उभा राहिला. महाराष्ट्रातून बोधगया, नालंदा, राजगीर अशी यात्रा करणाऱ्या अनेकांनी त्या खुर्चीत बसून जीव मुठीत धरला असेल. २०२१ साली तिथं शेजारीच आठजणांच्या बंद डब्यांचा नवा रोपवे सुरू झाला.

एकाची खुर्ची आणि आठजणांचा डबा. वरवर पाहता ही यंत्राची प्रगती, दुसरं काय! पण डोंगरावर खुर्ची किती माणसांची टांगायची, यावर जगात एका ठिकाणी बराच खल झाला आहे, मतं मांडली गेली आहेत, नगरपालिकेपर्यंत तक्रारी गेल्या आहेत. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतले बर्फाचे डोंगर, आणि निमित्त स्कीइंगचं.

पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, हा तो खेळ. खाली यायला काही मिनिटं पुरतात, वर चढायला मात्र दम निघतो. १९३४ साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, वुडस्टॉक गावाजवळ काही मंडळींनी जुन्या फोर्ड मोटारीच्या इंजिनावर एक लांब दोर फिरवला. तो हातांनी घट्ट पकडायचा आणि बर्फावरून ओढलं जात वर जायचं. हातमोजे फाटत, खांदे भरून येत, तरी लोक आनंदानं रांगा लावत.

खुर्ची आली ती दोन वर्षांनी, आणि ती आणली रेल्वेनं. युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यात पश्चिमेकडे जाणारे प्रवासी हवे होते. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियासारखं एखादं बर्फाचं ठिकाण आपणच वसवावं, असं त्यांनी ठरवलं. फेलिक्स शाफगॉच नावाच्या ऑस्ट्रियन सरदाराला जागा शोधायला पाठवलं. त्यानं आयडाहो राज्यातल्या केचम या छोट्या गावाजवळची दरी पसंत केली. तिचं नाव ठेवलं सन व्हॅली.

आता पाहुण्यांना वर न्यायचं कसं? हा प्रश्न रेल्वेच्या ओमाहा इथल्या इंजिनीअरांपुढे आला. ओमाहा हे सपाट मुलखातलं शहर. त्या इंजिनीअरांमध्ये जेम्स करन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पूर्वी उष्ण प्रदेशातल्या बंदरांसाठी केळीचे घड जहाजावर चढवणाऱ्या यंत्रांचं काम केलं होतं. फिरता दोर, दोराला आकडे, आकड्याला घड. करन म्हणाले, आकड्याच्या जागी खुर्ची लावा, घडाच्या जागी माणूस बसेल. वरिष्ठांना ते धोक्याचं वाटलं. पण सल्लागार म्हणून आलेले नामवंत स्कीपटू चार्ली प्रॉक्टर यांना तीच कल्पना पटली.

मग चाचणी सुरू झाली. एका ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, माणसाला चाकांचे बूट घालून उभं केलं आणि ट्रक मागून येऊन त्याला खुर्चीत उचलू लागला. ओमाहात उन्हाळा होता, बर्फ कुठून आणणार! किती वेगानं खुर्ची आली तर माणूस पडत नाही, हे असं ठरलं. १९३६ च्या डिसेंबरात सन व्हॅली सुरू झाली, तेव्हा तिथल्या प्रॉक्टर आणि डॉलर या दोन टेकड्यांवर जगातल्या पहिल्या स्की-चेअरलिफ्टा फिरत होत्या. आपल्या मराठीत ‘खुर्ची’ हा शब्द अरबीतल्या ‘कुर्सी’वरून आला, आणि आला तो बूड टेकवायला आणि मानाला. केळीच्या घडाची जागा घेणारी खुर्ची मात्र करनसाहेबांनीच जगाला दिली.

पुढची पन्नास वर्षं थोडक्यात सांगतो. १९४७ साली कोलोरॅडोत बर्थुड पास इथं दोघांची खुर्ची आली. साठीच्या दशकात मिशिगनमधल्या बॉइन माउंटननं तिघांची आणि मग चौघांची बसवली. या बॉइनची पहिली लिफ्ट सन व्हॅलीकडून जुनी म्हणून विकत घेतलेली होती. म्हणजे एकानं नवी घ्यायची आणि दुसऱ्यानं त्याची जुनी न्यायची, हा व्यवहार चाळीसच्या दशकातच सुरू झाला.

खरा बदल झाला १९८१ साली. तोवर बहुतेक ठिकाणी खुर्ची दोराला कायमची घट्ट आवळलेली असे. दोर वेगानं फिरवला तर बसणाऱ्याच्या पोटऱ्यांवर खुर्ची आदळायची, म्हणून वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटरच्या वर नेता येत नसे. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला ऑस्ट्रियाच्या डोपलमायर कंपनीनं चौघांची अशी लिफ्ट बसवली की स्थानकात शिरताच खुर्चीची पकड दोरावरून सुटते, ती रबरी चाकांवरून सावकाश सरकते, लोक निवांत बसतात, मग खुर्ची वेग घेते आणि पुन्हा दोर पकडते. दोर मात्र पूर्वीच्या दुप्पट वेगानं धावतच असतो. लिफ्टचं नाव क्विकसिल्व्हर, म्हणजे पारा.

इथं एक हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे वाद त्यातून निघतात. वेग दुप्पट झाला की माणसंही दुप्पट वर जातील, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. बसायला-सरकायला वेळ द्यावाच लागतो, म्हणून दोन खुर्च्यांमध्ये साधारण सहा सेकंद ठेवावेच लागतात. तासाला झाल्या सहाशे खुर्च्या. खुर्ची दोघांची तर बाराशे माणसं, चौघांची तर चोवीसशे, सहांची तर छत्तीसशे. आकडा वाढतो तो खुर्चीच्या रुंदीनं. वेगानं फक्त प्रवास निम्म्यावर येतो. पण प्रवास निम्मा झाला की पूर्वी जी माणसं दोराला लटकलेली असत, ती आता कुठं असतात? उतारावर, नाहीतर पुन्हा खालच्या रांगेत! म्हणजे दोर हा डोंगराचा नळ आहे. तो किती मोठा बसवायचा हे ठरलं, की खालच्या बादलीत काय होणार तेही ठरलं.

ऐंशीच्या दशकात हे नळ धडाधड बदलले गेले. व्हरमाँटमधल्या स्टोला १९४० पासून एकट्याची खुर्ची होती. कडाक्याच्या थंडीत वर जाताना अंगावर घ्यायला लोकांना जाडजूड लोकरी झूल मिळे. १९८६ साली तिथं चौघांची जलद लिफ्ट आली आणि झूल इतिहासजमा झाली. घाईची किंमतही मोजावी लागली. १९९५ च्या २३ डिसेंबरला कॅनडातल्या व्हिसलर इथं एका जलद लिफ्टच्या खुर्चीची पकड दोरावरून घसरली. खुर्च्या एकमेकींवर आदळून खाली कोसळल्या, दोघांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. योगायोग असा की तिचंही नाव क्विकसिल्व्हरच होतं. ती बनवणारी अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या इतर जलद लिफ्टा पुढच्या काही वर्षांत एकतर उतरवल्या गेल्या, नाहीतर त्यांची पकड बदलली गेली. लिफ्ट बदलणं म्हणजे नुसती हौस, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

तरीही मला जास्त मोह पडतो तो मॅड रिव्हर ग्लेनचा. हाही डोंगर व्हरमाँटमधलाच. १९४८ साली तिथं एकट्याची खुर्ची लागली. १९९५ साली डोंगराच्या मालकीणबाईंनी तो तिथं येणाऱ्या स्कीपटूंच्याच सहकारी संस्थेला विकला. (सहकार म्हटलं की आपले कान टवकारतात, पण इथं कारखान्याऐवजी डोंगर होता.) लिफ्ट म्हातारी झाली, तेव्हा दोघांची नवी बसवावी की काय, हा विचार पुढे आलाच. सभासदांनी एकट्याचीच ठेवायचं ठरवलं. देणग्या गोळा केल्या. २००७ साली तीच लिफ्ट नव्यानं सिद्ध केली. हेलिकॉप्टरनं खांब उचलून खाली आणले, घासूनपुसून रंगवले, नवे पाये घातले, पुन्हा उभे केले. लाखो डॉलर खर्चून माणसं तेवढीच वर न्यायची, हा व्यवहार कुठल्याही हिशेबनिसाला वेडेपणा वाटेल. पण त्यांना उतारावरची शांतता हवी होती, आणि त्यांनी नळ लहान ठेवण्याचे पैसे दिले. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. मात्र हेही सांगायला हवं की डोंगर त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या डोंगराबद्दल असं म्हणणं अवघड असतं.

तसं अवघड काम युटा राज्यातल्या पार्क सिटीत झालं. व्हेल रिसॉर्ट्स या मोठ्या कंपनीनं तिथल्या काही लिफ्टा काढून एक सहांची आणि एक आठांची बसवायची योजना आखली. नगराच्या नियोजन खात्यानं मंजुरी दिली. गावातल्या चार रहिवाशांनी अपील केलं. त्यांचं म्हणणं काय? एवढी माणसं वर नेणार, तर त्यांच्या मोटारी खाली कुठं उभ्या राहणार? आणि डोंगराला सोसेल एवढी संख्या कंपनीनं बरोबर मोजली आहे का? जून २०२२ मध्ये नियोजन आयोगानं अपील मान्य केलं आणि मंजुरी रद्द झाली. लिफ्टांची सामग्री तर ठरलेली होती. कंपनीनं ती कॅनडाला नेली, त्याच व्हिसलरला. तिथं २०२३ च्या डिसेंबरात फिट्झसिमन्स या लिफ्टवर चौघांच्या जागी आठांची खुर्ची फिरू लागली. चार घरांनी हरकत घेतली आणि पोलादाचा केवढा तरी डोलारा सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेला!

सन व्हॅलीचं काय झालं, असं कुणी विचारेल. तिथं १९३६ नंतर कितीतरी लिफ्टा आल्या आणि गेल्या. २०२३ साली तिथल्या मोठ्या पहाडावर चॅलेंजर नावाची सहांची जलद लिफ्ट बसली.

आणि जुन्या? काहींच्या खुर्च्या विकत घेऊन लोकांनी अंगणात झोपाळा म्हणून टांगल्या. १९३९ साली सन व्हॅलीत उभारलेली एकट्याची एक लिफ्ट मात्र बरीच लांब गेली. अलास्कात कॉर्डोव्हा नावाचं मासेमारांचं गाव आहे. बाहेरून तिथं रस्ता जात नाही, बोटीनं नाहीतर विमानानं जावं लागतं. गावकऱ्यांच्या संस्थेनं ती लिफ्ट आणून १९७४ साली माउंट आयॅकवर उभी केली. एकविसावं शतक उजाडलं तरी ती फिरत होती, आणि तिच्यावरून खाली पाहिलं की समुद्र दिसतो.