जुन्या गाडीचा उडालेला रंग परत येतो का? पांढरं फडकं घ्या आणि तपासा

वर्षानुवर्षं उन्हात उभी असलेली लाल मारुती ८०० धुताना एक गंमत दिसते. पाइपचं पाणी पडलं की बॉनेट नव्यासारखं लालबुंद होतं. पाणी सुकलं की पुन्हा तेच फिकट, गुलाबीसर, खडू फासल्यासारखं. मालकाला वाटतं रंग गेला, आता अख्खी गाडी रंगवावी लागणार. पण ओल्या बॉनेटवर दिसलेला तो लाल रंग पत्र्यावर अजून शाबूत आहे. खराब झालाय तो वरचा पातळ थर. यालाच ऑक्सिडेशन म्हणतात.

गाडीच्या रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. रंग देणारी बारीक पूड म्हणजे पिगमेंट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हे रेझिन हळूहळू तोडतात. पकड सुटली की पिगमेंट भुकटीसारखं वर मोकळं पडतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. त्यावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. पाणी त्या बारीक खाचा भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरती चमक येते. टप आणि बॉनेट आधी खराब होतात, कारण ऊन थेट त्यांच्यावर पडतं. खरा रंग बघायचा असेल तर दार उघडून आतली कड बघा.

आधी कळायला हवं की गाडीवर कोणता रंग आहे. पद्मिनी, अँबेसेडर आणि १९८०-९० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांवर सिंगल स्टेज रंग असायचा, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात. नंतरच्या गाड्यांवर रंगाचा वेगळा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. मेटॅलिक रंगांवर तर तो जवळपास नेहमीच असतो. ओळखायचं कसं? पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज, नाही लागला तर वर क्लिअर कोट.

सिंगल स्टेज असेल तर आनंदाची बातमी आहे. मेलेला थर काढला की खाली ताजा रंग असतो. पण इथेच घाई महागात पडते. कारखान्यातून येणाऱ्या रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. गॅरेजमध्ये ज्याला 'रबिंग' म्हणतात, त्यात हाच रंग घासून काढला जातो. गेलेला रंग परत येत नाही. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांच्या गाडीचा प्रायमर एक दिवस डोकं वर काढतो तो यामुळेच.

म्हणून सुरुवात सौम्य हवी. गाडी सावलीत लावा, पत्रा थंड होऊ द्या, शॅम्पूने धुवा. हात फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले बारने चिकटलेली घाण काढा. फार कोरड्या पडलेल्या सिंगल स्टेज रंगावर जुने जाणकार तेलकट ग्लेझ भरपूर चोळून रात्रभर तसंच ठेवतात आणि सकाळी पुसतात. त्याने तुटलेलं रेझिन सांधत नाही, पण कोरडं पिगमेंट भिजून रंग गडद होतो आणि पुढे कमी घासावं लागतं. मग एका हातभर जागेवर आधी बारीक पॉलिश वापरून बघा. तेवढ्याने काम झालं तर कंपाउंडला हात लावू नका. कडा आणि बॉनेटच्या उठावदार रेषांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. पहिल्यांदाच मशीन हातात घेत असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. रोटरी बफर एकाच जागी उष्णता साठवतो आणि काही सेकंदांत रंग जाळू शकतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आणखी लवकर.

क्लिअर कोटवाली गाडी नुसती मंद दिसत असेल तर पॉलिशने फरक पडतो. पण पांढरे चट्टे पडून उन्हाने भाजलेल्या कातडीसारखे पापुद्रे निघत असतील, तर जगातलं कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो. अशा गाडीला 'रबिंग मारून चमकवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि पूर्ण रंगवताना वेगळाच रंग निवडणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा, कारण आरसीवर रंगाची नोंद असते.

राहिला प्रश्न रील्समधल्या जुगाडांचा. रॉकेल आणि खोबरेल तेलाची चमक म्हणजे वर बसलेला तेलाचा थर. तो पुढच्या धुण्यात जातो आणि तोवर धूळ गोळा करतो. टूथपेस्ट घासते खरी, पण किती घासेल याचा नेम नसतो.

पॉलिश झालं की त्याच दिवशी मेण किंवा सीलंट लावा, कारण उघडा पडलेला ताजा थर पुन्हा उन्हाच्या तोंडी आहे. आपल्याकडच्या उन्हात मेण काही आठवडेच टिकतं, सीलंट काही महिने. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर रंग दुरुस्त झाल्यावरच, नाहीतर मंदपणा तसाच खाली राहतो. आणि रोज सकाळी धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसून घेण्याची सवय असेल तर ती आधी थांबवा. ती धूळच रंगावर बारीक चरे पाडते.