ज्याचा हात, त्याचाच डाव

पोकरच्या टेबलावरचा सगळ्यात कडक शिष्टाचार एका वाक्यात मावतो: एका हाताला एकच खेळणारा. पानं हातात असताना शेजाऱ्याचा सल्ला घ्यायचा नाही. ज्याने डाव सोडला त्याने आपण कुठली पानं टाकली हे डाव संपेपर्यंत बोलायचं नाही. मागे उभं राहून बघणाऱ्याने भुवईसुद्धा हलवायची नाही. हा नियम अमेरिकेतल्या जुगारघरांत जन्मला, असं अनेकांना वाटतं. त्याचं कूळ शोधायला मात्र पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडपर्यंत जावं लागतं.

तिथल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि 1966 साली ते तडीला नेलं. देशभरातून मिळालेल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून मूळ संहिता ठरवायची, असं ते काम. त्यातल्या सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृतपंडिताने केलं. द्यूताचा प्रसंग याच पर्वातला. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी कथा या संहितेत सापडत नाही. पण तिच्याहून महत्त्वाची एक गोष्ट सापडते. दुर्योधन जाहीर करतो, की पणाला लावायचं धन मी देईन, पण माझ्यासाठी खेळेल माझा मामा शकुनी. त्यावर युधिष्ठिर तिथेच हरकत घेतो, एकासाठी दुसऱ्याने खेळावं हे मला योग्य वाटत नाही. हरकत घेतो आणि तरीही खेळायला बसतो. आव्हान आल्यावर माघार घ्यायची नाही, या व्रताने त्याला बांधलं होतं. द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला जाण्याआधी त्या सभेतला शिष्टाचार इथेच मोडला होता, आणि भीष्म, द्रोण, विदुर यांच्या देखत मोडला होता. सभेने त्याच क्षणी डाव थांबवायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

कौटिल्याने खेळाची सचोटी माणसाच्या व्रतावर सोडलीच नाही. अर्थशास्त्रात द्यूतासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमलेला आहे. खेळ त्याने ठरवलेल्या एकाच जागी व्हायचा, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड. फासे आणि कवड्या अध्यक्षाने पुरवायच्या, त्या बदलणाऱ्यालाही दंड. जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजाला. आज गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर पत्त्यांचे कॅट जहाजाचेच असतात, खेळणाऱ्याने घरून आणायचे नसतात. त्यामागचा विचार हाच आहे.

बघ्यांचा बंदोबस्त केला तो व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या लंडनकरांनी. 1864 साली तिथल्या क्लबांनी नियम पक्के केले. बघणाऱ्याने गुणांमधली चूक खेळणाऱ्याच्या लक्षात आणून दिली, तर त्या डावावरचे सगळे पैसे त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा त्यात होती. त्याच संहितेत शिष्टाचाराचा वेगळा भाग जोडून स्पष्ट म्हटलं होतं, की यांना कायदे म्हणत नाही, कारण हे मोडणाऱ्याला दंड लावणं कठीण. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दंड पोहोचत नाही तिथे खेळणाऱ्याच्या मनाची लाजच उपयोगी पडते. पुढे व्हिस्टमधून ब्रिज आला, आणि 1975 साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर आडवे पडदे लावले गेले. तिथे दोन इटालियन भिडू टेबलाखालून पायाने पाय दाबताना पकडले गेले, तेव्हा टेबलाखालीही आडोसा करावा लागला.

पुण्यात पैसे लावून पोकर खेळण्याची अधिकृत जागा नाही. महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे आणि तो आजही लागू आहे. पण हा शिष्टाचार पैशावाचूनही पुण्याच्या घरांत नांदत आला. मेंढीकोट हा भिडूंचा खेळ, त्यामुळे मोह जास्त. हुकूम कुठला हे डोळ्यांनी सांगणं, दश्शी कुणाकडे आहे हे खोकून कळवणं, हातातल्या पानांवर उगाच बोटं वाजवणं, याला ‘खुणा करणं’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला पुढच्या डावाला कुणी भिडू घेत नाही. स्पर्धेतल्या पडद्यापेक्षा ही शिक्षा जास्त लागते.

घरातली मोठी माणसं मात्र हा नियम सर्रास मोडतात. नातवाच्या मागे बसून ‘ते नको, एक्का टाक’ असं सांगणारे आजोबा आणि काका बहुतेक घरांत असतात. त्यांचा हेतू प्रेमाचा असतो, पण डाव तेव्हा मुलाचा राहत नाही, आणि समोरच्या मुलावर तर उघड अन्याय होतो. या कोजागरीला दुधाचं पातेलं चुलीवर चढवून मुलं पत्त्यांना बसली, की मोठ्यांनी एवढं करावं: तोंड मिटून बघावं, एक्का वाया गेला तर जाऊ द्यावा, आणि काय चुकलं ते डाव संपल्यावर सांगावं.