झडपेवरचा हात

यंत्रयुगाचा इतिहास वाचताना संशोधकांची नावे पानोपानी भेटतात. झडपेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव मात्र क्वचितच सापडते. मला कुतूहल त्या हाताचेच फार.

इ. स. १७१२ मध्ये इंग्लंडात डडली कॅसलजवळ टॉमस न्यूकमेनचे वाफेचे एंजिन कोळशाच्या खाणीतले पाणी उपसू लागले. मिनिटाला त्याचे सुमारे १२ ठोके पडत. दर ठोक्याला एक झडप वाफ आत सोडी, दुसरी थंड पाण्याचा फवारा. दोन्ही उघडायच्या, दोन्ही मिटायच्या. म्हणजे हाताने करायचे म्हटले तर मिनिटाला ४८ हालचाली! हंफ्री पॉटर नावाचे एक पोर या कामावर होते आणि तुळईच्याच हालचालीने झडप उघडेल अशी युक्ती त्याने केली, ही कथा देसाग्युलिए याने १७४४ मध्ये छापली. अॅडम स्मिथनेही १७७६ मध्ये, सवंगड्यांशी खेळायला मिळावे म्हणून झडपेला दोरी बांधणाऱ्या एका मुलाचा दाखला दिला. इतिहासकार ही दंतकथा मानतात. मानोत बापडे! देहाला न झेपणारे काम यंत्राने करावे, हे शहाणपण तिच्यात आहेच.

पुढे हाताला साजेशी चाके आली. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरविले की बंद, हा संकेत रूढ झाला. काही झडपांचा दांडा उघडताना वर येतो. वाट मोकळी आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कळते. चाक किती उंचीवर असावे, त्याला जोर किती लागावा, भोवती उभे राहायला जागा किती हवी, याचेही आता शास्त्र झाले आहे.

त्या शास्त्राची निकड जपानात दिसली. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातली वीज गेली. पहिल्या अणुभट्टीत कोंडलेली वाफ सोडायची, तर झडपा बटनाने उघडेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास दोघे कामगार पाठीवर हवेची नळकांडी घेऊन काळोखात शिरले आणि त्यांनी पहिली झडप हाताने पाव हिस्सा उघडली. दुसरी होती तळघरात. तिलाही हाताचे चाक होते. पण तिथला किरणोत्सर्ग इतका, की दुसऱ्या जोडीला वाटेतूनच परतावे लागले. अखेर काँप्रेसर आणून जोडला, तेव्हा दुपारी वाफेला वाट मिळाली. तरीही ३ वाजून ३६ मिनिटांनी हायड्रोजनचा स्फोट झालाच.

चाक होते, ते फिरवायला निघालेली धीराची माणसेही होती; चाकापर्यंत जिवंतपणी पोहोचण्याची वाट तेवढी नव्हती. म्हणून वाटते, कारखान्याचा नकाशा आखणाऱ्याने कागदावर आधी तो माणूस काढावा, आणि मग झडप.