गोवरीच्या आरातला बटाटा

माळव्यात बटाटा भाजतात तो गोवरीच्या आरात. इंदूर, देवास, उज्जैनकडच्या खेड्यांत दाल-बाफल्याचा बेत ठरला, की अंगणात किंवा शेताच्या बांधावर गोवऱ्या रचून पेटवतात. ज्वाळ बसते, धूर सरतो आणि लाल निखाऱ्यांवर पांढुरक्या राखेचा थर धरतो. बाफले मधोमध जातात. कडेला, जिथे धग सौम्य असते, तिथे सालासकट बटाटे आणि वांगी खुपसून वरून गरम राख ओढतात. पाणी नाही, तेल नाही, झाकण म्हणून फक्त राख. पाऊण-एक तासाने काडी टोचून पाहायची. ती अडखळत आत गेली तर बटाटा अजून कच्चा, सरळ गेली तर झाला. राख झटकून तो हातांत फोडला, की करपट साल पापुद्र्यासारखी सुटते आणि आतून वाफाळता, पिठूळ गर निघतो. त्यात मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडे कच्चे तेल घातले की भरीत तयार.

हा विस्तव मुळात बटाट्यासाठी नव्हताच. तो बाफल्याचा. जाडसर दळलेल्या गव्हात थोडे मक्याचे पीठ घालून केलेला गोळा हळदीच्या पाण्यात उकळायचा, मग आरात भाजायचा आणि तुपात बुडवायचा, अशी बाफल्याची रीत. न उकळता थेट भाजली तर ती बाटी. महाराष्ट्रातही याची भावंडे आहेत: खानदेशातली बट्टी, विदर्भातले रोडगे आणि पानगे. रोडगा किती जुना, हे एकनाथांच्या भारुडातल्या भवानीच्या नवसावरून कळते. एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. पेशव्यांनी 1732 मध्ये माळव्याची वाटणी केली आणि होळकर, शिंदे, पवार यांच्यामागोमाग दख्खनची कुटुंबे इकडे वसू लागली. 1818 च्या मंदसौर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. या कुटुंबांना बाफला नवखा वाटला नसावा. गोवरीवर भाजलेल्या गव्हाची चव त्यांच्या तोंडी आधीपासूनच होती.

बटाटा मात्र उशिरा आलेला पाहुणा. तो दक्षिण अमेरिकेतला. सतराव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि नावही त्यांचेच घेऊन आला. गंमत अशी, की ‘बताता’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा आणि तो रताळ्याचा. उत्तरेकडे लोकांनी नव्या कंदाला ‘आलू’ हे जुने, संस्कृतातून आलेले कंदाचेच नाव दिले. इंदूरच्या मराठी घरांत हे दोन्ही शब्द अजून नांदतात: मंडईत आलू मागायचे आणि स्वयंपाकघरात बटाटा चिरायचा. कंद खाण्याची सवय माळव्याला आधीच होती. हिवाळ्यात इंदूरच्या सराफा बाजारात तळून, वर मसाला भुरभुरून मिळणारा गराडू याच घराण्यातला. रताळे राखेत भाजणे तर सगळीकडचे. त्यामुळे बटाट्याला नवी चूल मांडावी लागली नाही. रताळ्याच्या शेजारी त्याला आपसूक जागा मिळाली.

माळव्याच्या शेतात बटाट्याचा पसारा वाढला तो स्वातंत्र्यानंतर. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. तिथून 1968 मध्ये ‘कुफरी ज्योती’ हे वाण आले, 1998 मध्ये ‘चिप्सोना’. दरम्यान, 1970 नंतर खरिपात सोयाबीन पसरले. ते निघाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बटाटा लावायचा, असा फेर इथल्या काळ्या मातीत बसला. इथल्या रात्री उत्तरेच्या मैदानाइतक्या गारठत नाहीत, म्हणून बटाट्यात साखर कमी साठते आणि घन अंश जास्त राहतो. साखर जास्त असेल तर तळताना वेफर काळपट पडतो. म्हणूनच वेफर करणारे कारखाने माळव्याच्या बटाट्याकडे वळले. केंद्राच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटा आला, तो याच जोरावर. आरात भाजायलाही हाच बटाटा उत्तम, कारण घन अंश जास्त असला की गर मोकळा फुलतो. शीतगृहात 4 अंशांच्या आसपास राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते; तो भाजला तर गोडसर आणि चिकट लागतो.

या भाजणीची खरी किंमत मात्र शेणात मोजायला हवी. गोवरी जळली की शेत खताला मुकते, आणि या प्रश्नावर जगाने दखल घ्यावी असे काम इंदुरातच झाले. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये इंदूर दरबाराने दिलेल्या 300 एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी केली. 1931 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून खताच्या ‘इंदूर पद्धती’वर पुस्तक लिहिले. शेण चुलीत जाणार, हे गृहीत धरूनच ही पद्धत आखलेली होती. 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 फूट खोल खड्ड्यात पाचट, तण, काडीकचरा, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडे शेण आणि चुलीतली राख यांचे थर द्यायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. एप्रिल 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनी ही पद्धत मुद्दाम जाऊन पाहिली. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले, ते योग्यच. पण त्यांच्या जोडीने वाड यांचे नाव मराठी वाचकाने तरी विसरू नये.

शहरात गोवरी आधी मागे पडली. मंद आचेची सोय बंद भांड्यात करण्याचा भारतातला गाजलेला प्रयत्न म्हणजे इकमिक कुकर. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी तो 1910 मध्ये तयार केला. खाली कोळशाची शेगडी, वर डब्यांची चळत. सकाळी लावून बाहेर पडले, की परत येईपर्यंत जेवण शिजलेले. 1959 पासून प्रेशर कुकर आले आणि वेळ वाचवणे हीच सोय ठरली. बाफले आता पत्र्याच्या गॅस-तंदुरात भाजतात आणि बटाटा शिटीवर उकडतात.

विजेचा स्लो कुकर हा इकमिकचा दूरचा नातलग. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. ज्यूंच्या शब्बाथसाठी आदल्या संध्याकाळी भट्टीत ठेवून रात्रभर शिजणाऱ्या ‘चोलंट’ या पदार्थाविषयी आई सांगत असे, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने ते भांडे घरोघरी गेले. त्यात बटाटा करायचा तर सालाला तेल-मीठ चोळून, फॉइलमध्ये गुंडाळून, पाणी न घालता कमी आचेवर सात-आठ तास ठेवतात. भांड्यातली उष्णता 100 अंशांच्या आतच राहते. स्टार्च 60 ते 70 अंशांना फुगतो आणि गर 90 च्या आसपास मऊ होतो, म्हणून आतून हा बटाटा आरातल्यासारखाच शिजतो. फरक सालीत पडतो. खमंगपणा यायला साधारण 140 अंश लागतात. ते निखाऱ्याला सहज जमते, स्लो कुकरला कधीच नाही. शिवाय फॉइलच्या आत वाफ कोंडते आणि साल ओलसर राहते. म्हणून तयार झालेला बटाटा फॉइल काढून दोन-तीन मिनिटे गॅसच्या ज्वाळेवर, वांग्यासारखा, फिरवून घ्यावा लागतो.