दहा शिलिंगांचं व्हायोलिन

आजीच्या मिशन बोर्डिंगातल्या मडमबाई स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या. वर्गात इंग्रजी, गड्याशी मोडकं मराठी; पण रात्री एकट्या असल्या की भलत्याच भाषेत पुटपुटायच्या. मुली म्हणायच्या, जादूटोणा असणार! ती गेलिक होती.

त्या पुटपुटण्याचा थोडा अंदाज मला आला तो अलेक्झांडर कारमायकेलमुळे. हा अबकारी खात्यातला माणूस. नोकरीपायी बेटाबेटांवर फिरताना त्याने लोकांच्या तोंडच्या प्रार्थना टिपल्या आणि १९०० साली ‘कार्मिना गादेलिका’ या नावाने त्यांचे दोन खंड काढले. सकाळच्या बायबलवाचनानंतर त्यातलं एखादं पान, हा आता माझा परिपाठ. धार काढताना म्हणायची प्रार्थना वेगळी, रात्री विस्तव राखेखाली झाकतानाची वेगळी. निखाऱ्यांचे तीन वाटे करायचे, मधे पीटचे, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचे, तीन तुकडे ठेवायचे: पहिला जीवनाच्या देवाच्या नावाने, दुसरा शांतीच्या, तिसरा कृपेच्या. वाचताना पणजी आठवते. जात्यावरच्या तिच्या ओव्या बाप्तिस्म्यानंतर बंद झाल्या. आजी हे अभिमानाने सांगायची. मला चुटपुट लागायची.

तिकडेही तेच झालं. एग बेटावरच्या एका म्हाताऱ्या वादकाला धर्मोपदेशकाने भर सभेत फैलावर घेतलं. बिचाऱ्याने आपलं व्हायोलिन फेरीवाल्याला दहा शिलिंगांना देऊन टाकलं. तरुणपणी त्यासाठी त्याने बापाच्या गोठ्यातली सर्वांत चांगली गाय दिली होती! कारमायकेलने हे प्रस्तावनेतच लिहिलंय.

तरी चर्चवर नुसतं रागावून भागत नाही. गेलिक नवा करार १७६७ मध्ये निघाला, १८०१पर्यंत सगळं बायबल झालं. स्कॉटलंडच्या १८७२च्या शिक्षण कायद्याने शाळेत गेलिकला जागाच ठेवली नाही, तेव्हा ती टिकली चर्चच्या बाकांवर. तिथे एकजण स्तोत्राची ओळ सांगतो, मग सगळी मंडळी ती उचलतात, ज्याची त्याची हरकत निराळी. वाद्य अजिबात नाही. मडमबाई टिळकांचे अभंगही तसेच, टाळाशिवाय म्हणायला लावत. मुली बाकाखाली पायाने ठेका धरायच्या.

टिळकांना, म्हणजे नारायण वामनांना, १८९५च्या बाप्तिस्म्यानंतर अभंग सोडावासा वाटला नाही, ओवीही नाही. ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ ओवीतच लिहायला घेतलं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ते अपुरं होतं. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एगच्या म्हाताऱ्याच्या जुन्या चाली मात्र त्याच्याबरोबरच गेल्या.