औषध थोडं, पाणी फार

वसई-विरारहून पहाटेच्या लोकलनं परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली माणसं आपण पाहतो. 1941 साली सुरू झालेलं हे कर्करोगाचं रुग्णालय. अशा रोग्यांपैकी ज्यांना सिसप्लॅटिन देतात, त्यांना बरोबरीनं तासन्‌तास सलाईन लावतात. सोबतचे विचारतात, ‘औषध एवढंसं, मग पाणी एवढं कशाला?’

त्यामागे इतिहास आहे. 1965 साली अमेरिकेतले बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जंतूंवर होणारा परिणाम पाहत होते. जंतू लांबत गेले, पण त्यांची विभागणी थांबली. ही करामत विजेची नव्हे; प्लॅटिनमच्या पट्ट्यांपासून तयार झालेल्या द्रव्याची! त्यातून सिसप्लॅटिन हाती आलं. काही रोग्यांच्या गाठी विरघळू लागल्या, पण मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. औषध मागे पडण्याची वेळ आली. मग डॉक्टरांनी भरपूर सलाईन देऊन पाहिलं. लघवी वाढली, अपाय पुष्कळ कमी झाला. 1978 साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

धोका अजून संपलेला नाही. म्हणून तर रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हापुन्हा तपासतात. तेव्हा गाडी चुकेल म्हणून सलाईन अर्धवट सोडू नका. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नका. लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खत घालून पाणी तोडलं तर केळ जळते, हे वसईच्या वाडीवाल्याला का सांगायला हवं?